नॉर्थ डकोटातल्या हजार वस्तीच्या गावात तीन वर्षं: जावं का?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी,

बायको डॉक्टर आहे, तिची रेसिडेन्सी पुढच्या जूनमध्ये संपेल. ती जे-१ व्हिसावर आहे, म्हणजे एकतर दोन वर्षं भारतात परत जायचं, नाहीतर कॉनरॅड वेव्हर (त्या अटीतून सूट) घेऊन जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. आम्ही दुसरी वाट धरली आहे. मुलाखती झाल्या त्यातली सगळ्यात बरी ऑफर नॉर्थ डकोटातून आली. गावाचं नाव लिहीत नाही, पण रग्बी नावाच्या गावापासून लांब नाही. वस्ती हजार-बाराशे.

मुलाखतीला दोघंही जाऊन आलो. एक मोठा रस्ता, रेल्वेचे रूळ, रुळांना चिकटून धान्याचे उंच एलेव्हेटर (कोठारं), एक शाळा, चार चर्च, छोटं हॉस्पिटल. बाकी क्षितिजापर्यंत गव्हाचं खुंट. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून दाखवत होता. बायको म्हणाली, "अरे, हे आपल्याला दुसरंच कोणीतरी समजतायत."

मी डोंबिवलीचा, ती कोल्हापूरची, सध्या मुक्काम शिकागोजवळ. ती पक्की शाकाहारी, मी सोयीनुसार. मुलगी सहा वर्षांची. मी आयटीत, पूर्ण वेळ घरून काम. थंडी, शाळा, जेवण, माणसं आणि इंटरनेट याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर लिहा. मुख्य प्रश्न: तीन वर्षं डोकं ठिकाणावर राहतं का?

शंकासुर

हजार-बाराशे? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तेवढी माणसं पार्किंगवरून रोज भांडतात.

फार्गोकर

मी बरीच वर्षं फार्गोत आहे, पण नवऱ्याच्या कामामुळे तुमच्या त्या भागात येणंजाणं असतं.

थंडीबद्दल. उणे तीसला माणूस मरत नाही, गाडी मरते. तिकडे गाड्यांच्या बॉनेटमधून विजेची वायर लोंबत असते, ती रात्री घराच्या सॉकेटला लावायची, म्हणजे इंजिन गरम राहतं. भाड्याचं घर बघताना खोल्या किती ते नंतर विचारा, आधी गरम गॅरेज आहे का ते विचारा. गाडीत घोंगडी, फावडं, मेणबत्ती आणि काडेपेटी, खायला काहीतरी, आणि सगळ्यांचे बूट-हातमोजे कायम. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत जायचं नाही, कितीही जवळ दिवा दिसला तरी. सायलेन्सरपाशी बर्फ साठू द्यायचा नाही, नाहीतर धूर आत येतो. रस्ता बंद म्हणून सांगितलं की बंद. तिथे "बघू, हळूहळू जाऊ" चालत नाही.

बर्फ पडतो त्यापेक्षा उडतो जास्त. मधे झाड नाही, डोंगर नाही, त्यामुळे दोन इंच बर्फ पडला तरी वाऱ्याने समोरचं दिसेनासं होतं.

आणि जूनमध्ये रात्री पावणेदहाला सूर्य मावळतो. मुलगी झोपणार नाही. जाड पडदे घ्या.

परखड

कटू वाटेल, पण लिहितो. ही गावं मरताहेत. १९८७ सालीच फ्रँक आणि डेबोरा पॉपर या दांपत्याने लिहून ठेवलं होतं की या मैदानी पट्ट्याच्या मोठ्या भागात माणसांनी शेती करणं हीच चूक झाली, तो परत गवताला आणि गव्यांना देऊन टाका. आधी दुकान जातं, मग शाळा, मग हॉस्पिटल. तुमच्या बायकोला बोलावतायत कारण तिथल्या पोरांपैकी डॉक्टर होऊन परत कोणी येत नाही. तीन वर्षं तुमच्या आयुष्यातली, आणि त्यांना तरी काय, चौथ्या वर्षी परत नवा माणूस शोधा. शहराच्या आसपास वेव्हरची जागा मिळते का बघा. थोडा पगार कमी घ्या.

मैलाचादगड

परखड, पॉपर दांपत्याच्या सिद्धान्तावर डकोटात लोक काय बोलतात ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील.

गावं आक्रसतायत हे खरं, पण कारण समजून घ्या. ही गावं मुळात माणसांसाठी वसलेलीच नव्हती, गव्हासाठी वसली. रेल्वे कंपन्यांनी दर सात-दहा मैलांवर स्टेशन टाकलं, कारण घोडागाडीत धान्य घालून एका दिवसात जाऊन परत येता येईल असं ते अंतर. तुमच्या त्या पट्ट्यात जेम्स हिलची ग्रेट नॉर्दर्न. पुढे ट्रक आले आणि मधलं प्रत्येक दुसरं गाव फालतू ठरलं. आता शेतकरी तीस-चाळीस मैलांवरच्या, अख्खी मालगाडी एका दमात भरणाऱ्या एलेव्हेटरला जातो. ज्या गावात असा एलेव्हेटर, हायस्कूल आणि हॉस्पिटल तिन्ही आहे, ते गाव टिकतं. तुमच्या गावात तिन्ही दिसतंय.

मी काही वर्षं तिथल्या गव्हावर काम केलंय. ऑगस्टच्या शेवटाला एलेव्हेटरवर जाऊन उभे राहा, मुलीला घेऊन. ट्रक काट्यावर चढतो, वरून एक नळी धान्यात खुपसतात, ती नमुना खेचते, आणि ड्रायव्हर उतरून खिडकीपाशी यायच्या आत ओलावा, वजन आणि प्रथिनं मोजून झालेली असतात. तिकडच्या लाल वसंत गव्हाला १४ टक्के प्रथिनं धरून भाव लागतो, वर गेलं तर जास्त पैसे, खाली आलं तर कापतात. पाव टक्क्यावरून ज्याचा चेहरा पडतो तो शेतकरी. वर्षाची कमाई त्या छोट्या खिडकीत ठरते.

कोरडवाहू

भाऊ, थंडी-गिंडी ठीक हाये. मले एक सांगा, तिथल्या एका शेतकऱ्याकडे वावर किती असते? अन् इतकं असून बी तो कर्जात कायले असते?

मैलाचादगड

कोरडवाहू, नॉर्थ डकोटात सरासरी शेत दीड हजार एकरांच्या आसपास. आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर होती, म्हणजे सव्वातीन एकर. आणि डकोटाच्या सरासरीत हौशी लोकही धरलेत. ज्याचं पोट खरोखर गव्हावर आहे तो तीन-चार हजार एकर करतो, त्यातलं बरंचसं भाड्याचं. भाडं ज्याला द्यायचं ती त्याची चुलत आत्या फीनिक्सला राहते.

कर्ज का? एकरी पन्नास बुशेल धरा, साडेतेरा क्विंटल. पंजाबचा माणूस हसेल त्याला. पाऊस आपल्या मराठवाड्याइतकाही नाही, पीक एकच, मे ते सप्टेंबर. नवं कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) पाच लाख डॉलरच्या वर. भाव शिकागो-मिनिआपोलिसला ठरतो. शून्य वाढवा, गणित तुमचंच आहे.

कोरडवाहू

म्हंजे आत्या सगळीकडेच हाये.

सास्काकर

सीमेच्या वरच्या बाजूने हजेरी. आमचं सस्कॅचवान म्हणजे तेच मैदान, फक्त राणीचं होतं, आता राजाचं.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. तुमच्या घरी जी मसूर शिजते ती बऱ्याचदा आमच्याकडची असते. जगात मसूर निर्यातीत कॅनडा पहिला आणि त्यातली बहुतेक सस्कॅचवानची. मोंटाना आणि डकोटाच्या पश्चिमेलाही मसूर-वाटाणा पिकतो. २०१७ च्या नोव्हेंबरात भारताने पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के. आमच्या गावच्या कॉफीच्या अड्ड्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सही केली. लातूरचा भाव इथल्या माणसाला तोंडपाठ असतो, लातूर कुठे आहे ते माहीत नसलं तरी.

तेव्हा मुक्कामपोस्ट, डाळीची काळजी करू नका. शेजाऱ्याच्या कोठारातून बादलीभर मिळेल.

साखरपेरणी

सहकाराचा विषय निघायच्या आत काढतो. डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर रेड नदीचं खोरं आहे, तिथे बीटची साखर. १९७३ साली तिथल्या बीट उत्पादकांनी अमेरिकन क्रिस्टल शुगर ही अख्खी कंपनी विकत घेतली आणि ती सहकारी केली. आपल्या प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० मध्येच कारखाना उभा केला होता, म्हणजे या बाबतीत लोणी पुढे. तिकडे शेअर एकरांशी बांधलेला, शेअर असेल तेवढं बीट घातलंच पाहिजे. उसाची पळवापळवी नाही. ऑक्टोबरात बीट काढून उघड्यावर डोंगर रचतात, थंडीत ते गोठून राहतं आणि कारखाना वसंतापर्यंत गाळत बसतो. फुकटचं शीतगृह.

चेअरमनच्या घरातलाच पुढचा चेअरमन असतो का, ते शोधतोय.

परखड

साखरपेरणी, सहकार म्हटलं की सगळं गोड नसतं. याच कंपनीने २०११ मध्ये करारावरून सुमारे १३०० कामगारांना टाळेबंदी करून बाहेर ठेवलं, वीस महिने. मालक शेतकरी झाला म्हणून कामगाराचं भलं होतं असं नाही. कॅरिंग्टनचा पास्ता कारखाना बघा, ड्युरम गहू पिकवणाऱ्यांनी १९९३ मध्ये सहकारी म्हणून सुरू केला, २००२ मध्ये कंपनी केली, २०१० मध्ये व्हिटेरा या कंपनीला विकून टाकला.

साखरपेरणी

हे मात्र अगदी आपल्यासारखं निघालं.

निळी_शाई

परखडभाऊंशी एका बाबतीत सहमत, एका बाबतीत नाही. डकोटात १९१५ साली नॉनपार्टिझन लीग नावाची शेतकऱ्यांची चळवळ उभी राहिली. बँका आणि मिनिआपोलिसचे गिरणीवाले लुटतात म्हणून त्यांनी सत्ताच घेतली आणि १९१९ मध्ये राज्याची स्वतःची बँक काढली, १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला राज्याची पिठाची गिरणी. दोन्ही आजही चालू आहेत, आणि हे राज्य मतं देतं रिपब्लिकनांना! कंपन्यांनी शेतजमीन घेऊ नये असा कायदा लोकांनी १९३२ मध्ये मतदानाने केला. २०१६ मध्ये दुग्धव्यवसाय आणि वराहपालनासाठी तो सैल करायचा घाट घातला तेव्हा तीन चतुर्थांश लोकांनी नाही म्हटलं. अलीकडे पशुपालनासाठी थोडा सैल झालाय.

औषधाच्या दुकानाचंही तसंच. १९६३ पासूनचा कायदा आहे की दुकानाची निम्म्याहून जास्त मालकी फार्मासिस्टचीच हवी. म्हणून मोठ्या साखळ्या फारशा शिरल्या नाहीत आणि छोट्या गावांतही औषधाचं दुकान टिकलं. मुक्कामपोस्ट यांच्या सौभाग्यवतींना याचा रोज उपयोग होईल.

पण 'रिकाम्या मैदानावर कष्टाने उभं केलं' ही कथा तिथे रोज ऐकवली जाते, ती अर्धीच आहे. रग्बीच्या उत्तरेला टर्टल माउंटनचे चिपेवा हे तिथले मूळनिवासी लोक राहतात. १८९२ च्या मॅककंबर कराराने त्यांच्या सुमारे एक कोटी एकर जमिनीचे दहा लाख डॉलर ठरवले. एकरी दहा सेंट. ते लोक आजही त्याला दहा सेंटांचा करार म्हणतात. दवाखान्यात त्यांच्यातले पेशंटही येतील, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

शंकासुर

एवढं सगळं झालं आणि रग्बीचा दगड कोणी काढलाच नाही? १९३१ मध्ये तिथे दगडांचा स्तंभ उभारला: 'उत्तर अमेरिका खंडाचा भौगोलिक मध्य'. मग १९७१ मध्ये हायवे रुंद करायचा म्हणून स्तंभ बाजूला सरकवला. रस्तारुंदीकरणात अख्ख्या खंडाचा मध्य हलवणारं खातं आपल्या पीडब्ल्यूडीपेक्षा भारी मानायला हवं. पुढे रॉबिन्सन नावाच्या चिमुकल्या गावातल्या एका बारवाल्याने बघितलं की रग्बीने ट्रेडमार्कचं नूतनीकरण केलेलं नाही, आणि 'मध्य' आपल्या नावावर करून टाकला. रग्बीने तो परत मिळवेपर्यंत एका भूगोलाच्या प्राध्यापकाने नव्याने हिशोब करून सांगितलं की खरा मध्य तिसऱ्याच गावी. त्या गावाचं नाव आधीपासूनच सेंटर.

डॉक्टरीणबाई

उशिरा आले. मी स्वतः कॉनरॅड वेव्हरवर तीन वर्षं काढली आहेत, डकोटात नाही पण तसल्याच गावात. म्हणून जरा स्पष्ट.

गाव वाईट नसतं. गाव तुमच्याबद्दल सगळं जाणतं, हा त्रास असतो. मी दुकानात कोणता शॅम्पू घेतला ते पेशंटने मला तपासणीच्या टेबलावर सांगितलं. उलट बाजूने, बाळंतपणानंतर महिनाभर घरात जेवण येत होतं, आणि शाकाहारी म्हटल्यावर त्या बायकांनी आपापसात फोन करून यादी केली होती. चीज घातलेल्या बटाट्याचे किती प्रकार असतात ते तेव्हा कळलं. डकोटात तुम्हाला नेफ्ला सूप वाढतील, बटाटा आणि पिठाचे गोळे, दिसायला निरुपद्रवी, पण खाली बहुतेकदा चिकनचं पाणी असतं, विचारून घ्या. नॉर्वेजियन घरी लेफ्सा मिळेल, बटाट्याची पातळ पोळीच, लोणी-साखर लावून. माझ्या सासूबाईंनी त्यावर मेतकूट घातलं होतं.

परखड म्हणतात, चौथ्या वर्षी निघून जाणार तर गावाला काय फायदा. हे गावालाही माहीत असतं. माझ्या पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी विचारलं, "तू किती दिवसांची?" मी म्हटलं तीन वर्षं. म्हणाले, "मग माझा गुडघा आत्ताच दाखवून घेतो." त्यांच्या हिशोबात तीन वर्षं डॉक्टर असणं हे नसण्यापेक्षा पुष्कळ असतं. कॉनरॅड हे सिनेटर नॉर्थ डकोटाचेच होते, १९९४ चा हा कायदा अशाच गावांचा विचार करून आला. प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा.

आता खरं सांगते, माझी तीन वर्षं सोपी गेली, नवऱ्याची नाही. मला रोज वीस माणसं भेटायची. तो दिवसभर स्क्रीनसमोर, बाहेर उणे पंचवीस. मुक्कामपोस्ट, तुम्ही मुलीचं आणि बायकोचं विचारलंत, तुमचं काय? गावात स्वयंसेवी अग्निशमन दल असतं, शाळेच्या बास्केटबॉलच्या मॅचला अख्खं गाव असतं. कशात तरी पहिल्याच महिन्यात घुसा, आवड असो-नसो.

फार्गोकर

डॉक्टरीणबाईंना +१. शाळेत वर्गात दहा-बारा मुलं असतील. फुटबॉलला अकरा पोरं भरत नाहीत म्हणून नऊ जणांचा खेळतात, तेही शेजारच्या गावाशी युती करून.

इंटरनेटची काळजी नको. गावोगावच्या टेलिफोन सहकारी संस्थांनी फायबर शेतातल्या घरापर्यंत नेलंय, शिकागोपेक्षा बरं मिळेल. मात्र हिंग, कढीपत्ता वगैरेसाठी फार्गो, म्हणजे तुमच्याकडून साडेतीन-चार तास. आलात की घरी या.

कागदपत्रे_जोडा

इथे सगळे बर्फात रमलेत आणि मुख्य मुद्दा कोणी विचारला नाही. मुक्कामपोस्ट, तुम्ही सध्या कोणत्या परवानगीवर काम करता? जे-२ चं वर्क परमिट?

मुक्कामपोस्ट

हो, जे-२ ईएडी.

कागदपत्रे_जोडा

मग ऐका. वेव्हर मिळाल्यावर बायको एच-१बी वर जाईल आणि तुम्ही एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. जे-२ चं परमिट तिथे संपलं. एच-४ वर काम करायचं तर आधी तिची आय-१४० मंजूर व्हायला हवी, म्हणजे हॉस्पिटलने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केलेली हवी. नाहीतर तुमच्या कंपनीने तुमची स्वतःची एच-१बी काढायची, आणि ती लॉटरीवर. घरून काम वगैरे सगळं त्यानंतर. हे न बघता गेलात तर उणे पंचवीसमध्ये स्क्रीनसुद्धा नसेल.

सही करायच्या आधी हॉस्पिटलकडून लेखी घ्या: ग्रीन कार्डचा अर्ज पहिल्या दिवसापासून सुरू करणार, आणि खर्च कोणाचा. तोंडी "ऑफ कोर्स, डॉक्टर" चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला दुसऱ्या राज्यात असंच तोंडी सांगितलं होतं, दीड वर्ष फाइल हललीच नाही.

मुक्कामपोस्ट

बापरे. वकिलाशी आजवर फक्त तिच्या वेव्हरबद्दलच बोललो होतो. सोमवारी फोन लावतो. बायकोने सगळे प्रतिसाद वाचले. ती म्हणते, "आजोबांचा गुडघा बघायला मी तयार आहे, तू तुझं बघ."

तिची बाजू अशी की शहराजवळ वेव्हरची जी जागा होती तिथे दिवसाला तीस पेशंट आणि मुलगी सात वाजता झोपलेलीच भेटणार. इथे घर हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटं. परखड, तुमचा मुद्दा पटतो, पण दुसरीकडेही तुरुंग आहेच, फक्त तिथे ट्रॅफिक आहे.

आणखी एक, करारात मधेच सोडल्यास मोठा दंड लिहिलाय. नेहमीचंच का?

कागदपत्रे_जोडा

दंडाचं कलम नेहमीचं. आकडा आणि अटी मात्र वाटाघाटीच्या. हॉस्पिटल बंद पडलं किंवा त्यांनीच काढलं तर दंड नाही, हे वाक्य घालून घ्या. 'नोकरी सोडल्यावर या परिसरात काम करायचं नाही' असं कलम असेल तर ते वेव्हरच्या नियमांत बसत नाही, आणि नॉर्थ डकोटाचा कायदाही असली कलमं मानत नाही. वेव्हर हातात आला की नव्वद दिवसांत कामावर हजर व्हायचं असतं, त्या हिशोबाने शिकागोचं घर सोडा. तिसरं वर्ष संपायच्या आत गाव बदलायचं तर तसं सबळ कारण दाखवावं लागतं, थंडी हे कारण धरत नाहीत.

मोंटानाची_मनी

धागा पळवतेय, सॉरी. आमची पुढच्या आठवड्यात मोंटानाच्या पूर्वेला मुलाखत आहे, गाव याहून लहान. नवरा सर्जन. तिथे एकच सर्जन असेल तर महिन्यातून किती रात्री ऑन-कॉल धरायच्या? ते "रिझनेबल" म्हणतात.

डॉक्टरीणबाई

मनी, एकच सर्जन असेल तर रोज रात्री. "रिझनेबल"चा आकडा लिहून घ्या, आणि सुट्टीत तात्पुरता डॉक्टर कोण आणणार, कोणाच्या खर्चाने, तेही. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.